कॅन्सरचे उपचार सुरू होताना: काय विचारायचं, काय लिहायचं, फोन कधी करायचा

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरातले सगळे एकदम वाचायला लागतात. आजार कशामुळे होतो, नवं औषध कुठे निघालं, किती टक्के लोक बरे होतात, सगळं वाचून होतं. आणि पहिली केमो घेऊन घरी आल्यावर रात्री अकरा वाजता अंग तापलं की कळतं, कुणाला फोन करायचा हेच विचारायचं राहिलं.

माहितीची गरज टप्प्याटप्प्याने बदलते. निदानाच्या आठवड्यात लागते ती वेगळी, पहिल्या केमोनंतरच्या दहा दिवसांत लागते ती वेगळी. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. केमोथेरपी किंवा रेडिएशन नव्याने सुरू होणार आहे त्या पेशंटसाठी आणि त्यांच्यासोबत धावपळ करणाऱ्या माणसासाठी. कुठलं औषध किती घ्यायचं हे इथे सापडणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

१. आधी फाईल लावा

काम कंटाळवाणं आहे, पण पहिल्याच दिवशी करा. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायचे, सगळ्यात नवा वर. बायोप्सीचा रिपोर्ट वेगळ्या कप्प्यात, कारण तो पुन्हापुन्हा मागितला जातो. स्कॅनचा नुसता कागद पुरत नाही, त्याची सीडीही जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लागू शकतात, ते लॅबकडून मागून घेता येतात. दुसरं मत घेतलं म्हणून पहिले डॉक्टर रागावतील, ही भीती बहुतेक वेळा उगाचच असते.

फाईलच्या पहिल्या पानावर एकच कागद: आजाराचं पूर्ण नाव आणि स्टेज, केमोच्या औषधांची नावं, आतापर्यंतच्या डोसच्या तारखा, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं. 'सगळी' म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या, व्हिटॅमिन, काढे, चूर्णं, शेजाऱ्यांनी आणून दिलेली पुडीसुद्धा. अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभं राहायची वेळ आली तर हा एक कागद तुमच्या वतीने बोलतो.

२. उपचाराआधीच्या भेटीत हे विचारा

सगळ्यात पहिला प्रश्न, आणि लोक नेमका तोच टाळतात: हे उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? पुढचे बरेच निर्णय याच उत्तरावर अवलंबून असतात. बरं होण्यासाठीची केमो असेल तर चार-सहा महिने त्रास सोसायची तयारी बहुतेक लोक ठेवतात. आजार आटोक्यात ठेवायचा असेल तर किती त्रास परवडतो, डोस कमी करता येईल का, मध्ये विश्रांती घेता येईल का, ही चर्चा करता येते आणि करायलाही हवी.

त्यानंतरचे प्रश्न: एकूण किती डोस, किती दिवसांच्या अंतराने? उपयोग होतोय हे कधी आणि कोणत्या तपासणीवरून कळेल? या औषधांचे नेहमी दिसणारे त्रास कोणते, आणि क्वचित दिसणारे पण धोक्याचे कोणते? उपचार घेतले नाहीत तर काय होईल?

काही गोष्टी सुरुवातीलाच विचाराव्या लागतात, नंतर उपयोग नसतो. पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू, स्त्रीबीज किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या डोसच्या आधीच बोला. तोंडाच्या किंवा घशाच्या भागाला रेडिएशन मिळणार असेल तर आधी दंतवैद्याला दाखवा. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येणं अवघड होतं. कोणती लस घ्यायची, कोणती नाही, हेही विचारा. जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लसी केमो चालू असताना टाळतात.

भेटीला एकट्याने जाऊ नका. 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडल्यावर पुढची दहा मिनिटं पेशंटच्या डोक्यात काहीच शिरत नाही. सोबतच्या माणसाने लिहून घ्यावं, किंवा डॉक्टरांना विचारून फोनवर रेकॉर्ड करावं. आणि पेशंटने हेही सांगून टाकावं की मला किती जाणून घ्यायचंय. काहींना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना 'पुढचं पाऊल काय' एवढंच पुरतं. दोन्ही ठीक आहे. फक्त ते पेशंटने ठरवायचं, मुलाने किंवा भावाने परस्पर नाही.

३. ताप: इथे थांबायचं नाही

घरात एक चांगला डिजिटल थर्मामीटर असू द्या. बाकी तयारी मागेपुढे झाली तरी चालेल, ही नको.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यात हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही सापडतात. बऱ्याच औषधांमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान त्या सगळ्यात कमी होतात. या दिवसांत जंतुसंसर्ग झाला तरी नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही. पू बनतो तोच मुळात पांढऱ्या पेशींचा. त्याच नसतील तर जखम वरून स्वच्छ दिसते आणि आत संसर्ग पसरत असतो. पुष्कळदा ताप ही एकच खूण असते.

म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की लगेच हॉस्पिटलला फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. 'आधी एक पॅरासिटामॉल देऊन बघू' हेही करायचं नाही. ताप दबतो, संसर्ग तसाच राहतो आणि हाताशी असलेली वेळ जाते. अशा पेशंटला हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर साधारण तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा प्रयत्न असतो, इतकी ती घाईची गोष्ट आहे. ताप नसूनही हुडहुडी भरली, अंग गार पडलं किंवा पेशंट असंबद्ध बोलायला लागला, तरी हेच करायचं.

फोनवर लांबण लावू नका. असं सांगा: "पेशंट ५८ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमोचा तिसरा डोस नऊ दिवसांपूर्वी झाला, आत्ता ताप १०१, थंडी वाजतेय, छातीत पोर्ट आहे." (पोर्ट म्हणजे शिरेतून औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी.) एवढ्यावर पलीकडच्या माणसाला निर्णय घेता येतो. इमर्जन्सीत गेलात तर दारातच 'केमो चालू आहे' हे मोठ्याने सांगा. रांगेत बसून आपला नंबर यायची वाट बघायची ही वेळ नाही.

तापाखेरीज याही गोष्टींना त्याच दिवशी, बहुतेक वेळा त्याच तासाला, फोन करायचा:

- अचानक लागलेली धाप, छातीत दुखणं, किंवा एकाच पायाला आलेली सूज
- न थांबणारं रक्त, काळी शौच, अंगावर बारीक लाल ठिपके
- पाठीत नव्याने सुरू झालेलं जोराचं दुखणं, सोबत पाय लटपटणं किंवा लघवी अडणं. कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही
- २४ तासांत पाणीही पोटात न टिकणं
- केमोची सुई होती तिथे आग, सूज, लाली. औषध चालू असताना असं वाटलं तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा

हॉस्पिटलचा दिवसाचा नंबर आणि रात्रीचा नंबर वेगळा असतो. दोन्ही आधीच घ्या, घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.

४. रोजची वही

तपासणीच्या खोलीत "कसं वाटतंय?" असं विचारलं की पेशंट म्हणतो, "बरंय." दाराबाहेर पडल्यावर मग मुलीला सांगतो की चार दिवस काही गिळता आलं नाही. डॉक्टर बिझी आहेत, तक्रार केली तर उपचार थांबवतील, त्रास तर होणारच, अशी कारणं असतात. या आजारात दुखणं अंगावर काढण्यासारखी महागात पडणारी गोष्ट नाही.

हे नुसतं माझं मत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटवर एक अभ्यास झाला, त्याचे जगण्याविषयीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार पसरलेल्या या पेशंटपैकी एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर नोंदवली; त्रास वाढला की नर्सला आपोआप सूचना जायची. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीच्या पद्धतीने झाली. नोंद ठेवणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान, म्हणजे गटातले निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने निघालं, दुसऱ्या गटाचं २६ महिने. नवं औषध नाही, मशीन नाही. त्रास लवकर कळला, लवकर सावरला, आणि त्यामुळे लोक केमो जास्त काळ झेलू शकले.

संगणक नसला तरी साधी वही चालते. एका दिवसाचं पान साधारण असं असावं:

"केमोनंतर तिसरा दिवस. ताप सकाळी ९८.२, संध्याकाळी ९८.८. मळमळ दहापैकी ६, दुपारनंतर जास्त. उलट्या दोन, त्यातली एक गोळी घेतल्यावर दहा मिनिटांत. पाणी आणि पातळ मिळून दीड लिटर. शौचाला दोन दिवस नाही. गार भांड्याला हात लावला की दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या. शर्टाची बटणं लावता येतात. झोप रात्री दोननंतर नाही."

यातून डॉक्टरांना बरंच दिसतं. मळमळ उशिराची आहे. एक गोळी बहुधा पोटात टिकलेलीच नाही. उलटीच्या औषधानेच पोट बांधलं असेल. नसांवर परिणाम सुरू झालाय, पण हाताचं काम अडलेलं नाही. 'खूप त्रास होतो' या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही. डॉक्टर त्रासाची तीव्रता पायऱ्यांनी मोजतात आणि त्यात बहुतेक वेळा हेच बघतात: रोजची कामं करता येतात का, किती वेळा, किती दिवस. म्हणून बटणाची ओळ महत्त्वाची.

५. नेहमीचे त्रास

मळमळ आणि उलटी. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त भीती असते, आणि औषधंही हिच्यावर सगळ्यात चांगली आहेत. पण ती वेळेवर घेतली तर. पहिल्या २४ तासांत होणारी मळमळ वेगळी आणि त्यानंतर चार-पाच दिवस रेंगाळणारी वेगळी. पहिला दिवस बरा गेला म्हणून लोक गोळ्या बंद करतात आणि तिसऱ्या दिवशी आडवे होतात. घड्याळ लावून घ्यायला सांगितलेली गोळी मळमळ नसली तरी घ्यायची. 'लागली तर' म्हणून दिलेली वेगळी. दोन्ही पाकिटांवर पेनाने तसं लिहून ठेवा. तिसरा प्रकार मनाच्या आठवणीचा: हॉस्पिटलचा वास आला, नुसतं गेट दिसलं तरी ढवळून येतं. हे नाटक नव्हे. त्याच्यावरही उपाय असतात, फक्त सांगायला हवं. आणि आधीच्या डोसची मळमळ नीट आवरली तर हा प्रकार सहसा मूळ धरत नाही.

उलटीच्या गोळ्यांबद्दल थोडं. ऑन्डान्सेट्रॉनने पोट बांधतं आणि डोकं दुखू शकतं. डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे, उशिरा घेतलं तर रात्रभर डोळा लागत नाही आणि डायबेटिस असेल तर शुगर चढते; सकाळी घेता येईल का विचारा. ओलान्झापिनचं नाव शोधलं की मानसिक आजारांची यादी समोर येते आणि घरात गोंधळ उडतो. ते उलटीवरही उत्तम काम करतं, म्हणून दिलेलं असतं. त्याने झोप मात्र येते.

खाणं थोडंथोडं, दर दोन-तीन तासांनी. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार पदार्थ अनेकांना सोसतात. आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी मुद्दाम करून देऊ नका. उलटीशी त्याची सांगड बसली की तो कायमचा नकोसा होतो.

तोंड येणं. डोसनंतर आठवड्याभरात तोंड सोलवटतं, जिभेवर चट्टे येतात. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, गिळायचं नाही. ब्रश एकदम मऊ. अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद. काही औषधांच्या वेळी, उदाहरणार्थ ५-एफयूचं इंजेक्शन झटकन देतात तेव्हा, तोंडात बर्फ धरला तर चट्टे कमी येतात. पण ऑक्सालिप्लाटिन चालू असेल तर बर्फ अजिबात नको, त्या औषधात गार वस्तूने घसा आवळल्यासारखा होतो. ओळखीच्यांनी सांगितलेला उपाय तुमच्या औषधाला चालतो का, हे विचारून घ्यायचं ते यासाठी. दुखण्यामुळे पाणी गिळता येत नसेल, किंवा तोंडात पांढरा थर दिसला, तर फोन करा.

पोट. जुलाब होत असतील तर वेळा मोजा. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त जावं लागलं तर कळवायचं. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने जुलाब थांबवायची गोळी घेऊच नये. तिथे आतड्याला सूज आलेली असू शकते आणि तिचा उपचार निराळा असतो. उलट, मॉर्फिनसारखं औषध सुरू झालं की बद्धकोष्ठता ठरलेलीच. शरीराला मॉर्फिनच्या गुंगीची सवय होते, या त्रासाची होत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून मागून घ्या. केमो चालू असताना एनिमा किंवा गुदद्वारातून देण्याची औषधं न विचारता वापरू नका.

वेदना. मॉर्फिन म्हणजे शेवट, असा समज इतका घट्ट आहे की लोक महिनोन्‌महिने तळमळतात. मॉर्फिन हे वेदनेचं औषध आहे, शेवटच्या दिवसांचं नव्हे. वेदना असेल तेवढं ते देतात, कारण दूर झालं की डॉक्टर टप्प्याटप्प्याने बंदही करतात. एकदम सोडायचं नाही एवढंच. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची आणि मध्येच कळ उठली तर काय घ्यायचं हे आधी ठरवून ठेवायचं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन वगैरे मात्र आपल्या मनाने नको. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो.

थकवा. झोपून जात नाही, हाच त्याचा विचित्रपणा. दिवसभर पडून राहिलं तर उलट वाढतो. रोज थोडं चालणं हा यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, दुखणं आणि मन या पाच गोष्टी तपासून घ्या, कारण यातल्या प्रत्येकीवर इलाज आहे. सतत उदास वाटणं, कशातच रस न वाटणं हेही वहीत लिहायचं.

बोटांना मुंग्या, तळवे बधिर होणं लवकर सांगा. डोस बदलून नुकसान रोखता येतं, एकदा खोलवर झालं तर भरून यायला फार वेळ लागतो आणि कधी पूर्ण भरतही नाही. केस, जाणार असतील तर, दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात.

रेडिएशनचा त्रास ज्या भागाला शेक देतात तिथलाच असतो, थकवा सोडून. कातडी दोन-तीन आठवड्यांनी लाल-काळी पडायला लागते, आणि उपचार संपल्यावर आठवडाभर आणखी वाढते. संपल्यावर वाढलं म्हणून घाबरू नका. किरणं नेमकी कुठे द्यायची यासाठी अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनमुळे पेशंटमधून किरणं बाहेर पडत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या. केमोचं मात्र वेगळं: साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच, उलटीतून जातो. तेव्हा साफसफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि झाकण लावून दोनदा फ्लश करावं.

६. वाचताना आणि ऐकताना

कॅन्सर हा एक आजार नाही, त्यामुळे 'कॅन्सरवर अमुक रामबाण' असं वाक्य दिसलं की तिथेच थांबा. कोणत्या अवयवाचा, कोणत्या स्टेजचा, माणसांवर तपासलं की नुसतं प्रयोगशाळेतल्या पेशींवर, आणि सांगणारा काही विकतोय का, एवढं विचारलं की निम्मे मेसेज गळून पडतात. पाच वर्षं जगण्याची टक्केवारी आधी उपचार घेतलेल्या लोकांच्या समूहाची असते. त्यातून तुमच्या घरातल्या माणसाचं भविष्य निघत नाही.

'नैसर्गिक आहे, काय बिघडतं?' बिघडतं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासपणावर घेतली जाणारी वनस्पती यकृताला औषधं झटपट मोडायला लावते. इरिनोटेकान आणि इमाटिनिब या कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण तिने घटतं. ग्रेपफ्रूट उलट काही गोळ्यांचं प्रमाण वाढवतं. लपवून घेण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. रागावले तरी चालेल.

घरी केमोच्या गोळ्या चालू असतील तर एक नियम लक्षात ठेवा: डोस चुकला किंवा उलटीत पडला तर मनाने दुसरा घ्यायचा नाही, दुप्पट तर नाहीच. फोन करून विचारायचं.

७. शेवटचा डोस झाल्यावर

सगळे पेढे वाटायच्या गडबडीत असतात तेव्हा एक कागद मागून घ्या: कोणती औषधं एकूण किती मिळाली, रेडिएशन कुठे आणि किती, पुढच्या तपासण्या कधी. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाची आयुष्यभराची एकूण मात्रा हृदयासाठी मोजावी लागते, म्हणून हा हिशेब वीस वर्षांनीही कामाला येतो. इम्युनोथेरपीचे त्रास ती थांबल्यावर काही महिन्यांनीही उपटू शकतात. त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांकडे साध्या खोकल्यासाठी किंवा जुलाबासाठी गेलात तरी ती कधी आणि कोणती घेतली होती हे आधी सांगा, आणि तो कागद सोबत न्या.